सायकलींची सहल : ठिकाण कोणतें?

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला. कारण पाहूं गेल्यास क्षुल्लक. परंतु त्याचा निकाल देण्याचें काम आम्हांकडे आलें, आणि तो देतांना एक जुना हिशेब आम्हांला स्वतःशींच उलगडावा लागला. तो वाचकांपुढें मांडण्यास आम्हांला संकोच वाटतो, तथापि मांडतों.

आमचें कुटुंब एकत्र असलें तरी आतां एका छपराखालीं राहत नाहीं. जुन्नरच्या वाड्यांत आम्ही उभयतां आणि धाकटे बंधु सहकुटुंब. थोरल्या बंधूंचीं मुलें पुण्यास, आमचे चिरंजीव ठाण्यास. सणावारीं किंवा जोडून सुट्या आल्या कीं सर्व मंडळी वाड्यांत जमतात आणि चार दिवस स्वयंपाकघरांतील चूल (म्हणजे गॅसच, पण शब्द जात नाहीं) विझत नाहीं. या खेपेस पुण्याचे पुतणे येतांना टेम्पोंत आठ सायकली घालून घेऊन आले. जाड खांचेदार टायर, पुढच्या चाकाशीं धक्के सोसणारी स्प्रिंग, आणि गिअर तर मोजतां मोजतां चुकावेत इतके. आमच्या वडिलांच्या पायगाडीस एक घंटा व एक दिवा एवढेंच काय तें ऐश्वर्य होतें. यांतील एका सायकलीची किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं, "एवढ्यांत दुभती म्हैस आली असती," असा शेरा मारला. तो कोणीं मनावर घेतला नाहीं.

बेत असा कीं, आठ जणांनीं शनिवार-रविवार सायकलींवर डोंगरांत जावें. आठ जण म्हणजे दोघे पुतणे, थोरल्याची पत्नी, आमचे चिरंजीव व सूनबाई, बंधूंचे कॉलेजांत शिकणारे दोघे मुलगे आणि आमची बारा वर्षांची नात. येथवर सर्वांचें एकमत होतें. जावें कोठें, येथें तंटा सुरू झाला.

थोरल्या पुतण्याचें मन आहुप्यावर बसलें होतें. घोडेगांवाहून पश्चिमेस निघालें म्हणजे डिंभें धरणाच्या जलाशयाला वळसे घालीत रस्ता चढत जातो आणि सह्याद्रीच्या अगदीं कांठावर आहुपें लागतें. तेथून कडा एकदम कोंकणांत कोसळतो. समोर खालीं गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके. ज्या आंबेगांवाचें नांव तालुक्यास आहे, तें मूळ गांव याच जलाशयाच्या पोटांत गेलें आहे, ही गोष्ट पुतण्यास ठाऊक नव्हती. ती आम्हीं सांगितली. स्थळ रमणीय, याविषयीं आमचाही वाद नव्हता. त्यानें मोबाइलवर रस्त्याच्या चढउताराचा आलेख काढून दाखविला. हें यंत्र आम्ही एरवीं फारसें वाखाणीत नाहीं. परंतु हा आलेख पाहून, भूगोलाच्या तासाला आम्हांजवळ असें कांहीं असतें तर, असें वाटल्यावांचून राहिलें नाहीं. आलेखाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती.

धाकट्याचें म्हणणें माळशेज. पिंपळगांव जोग्याच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, त्यांचीं छायाचित्रें त्याला हवीं होतीं. पण माळशेजचा रस्ता म्हणजे कल्याणहून अहिल्यानगरास जाणारा हमरस्ता. मालमोटारी रात्रंदिवस धांवत असतात, आणि सायकलवाल्यास रस्त्याच्या कडेची हातभर पट्टी काय ती मिळते. बंधूंच्या मुलांनीं तर कहरच केला. नाणेघाटाच्या जुन्या दगडी पायऱ्यांवरून सायकलीसह खालीं वैशाखऱ्यास उतरावें, अशी त्यांची योजना! दोन हजार वर्षें ज्या पायऱ्यांवरून बैल आणि माणसें चढलीं, त्यांवर यांनीं चाकें आपटीत जावें आणि आपलीं मस्तकेंही आपटून घ्यावीं, यास आम्हीं तत्काळ नकार दिला. सूनबाईंनीं लेण्याद्री व ओझर सुचविलें; अष्टविनायकांपैकीं दोन एका दिवसांत होतील, असा त्यांचा हेतु. त्यावर पुतणे म्हणाले, "वहिनी, ही तर भाजी आणायला जाण्याची वाट झाली!" लेण्याद्री आमच्या वाड्यापासून अवघी पांच-सहा किलोमीटर, हें खरें. ओझरच्या बाजूस मात्र दुतर्फा उंसाचे फड आहेत, आणि आमच्या तालुक्यांत ऊंस हेंच बिबट्याचें अरण्य झालें आहे. मादी फडांतच विते. वांकून सायकल हांकणारें लहान मूल तिन्हीसांजेस त्याच्या नजरेस कसें दिसेल, याचा विचार बाहेरगांवच्या मंडळींच्या मनांत येत नाहीं.

शेवटीं सर्वांनीं आम्हांकडे पाहिलें. "अण्णा, तुम्हीच ठरवा. सगळा तालुका तुमच्या पायांखालचा आहे."

आम्हीं एक दिवसाची मुदत मागितली. लोकांस वाटलें, म्हातारा नकाशा पाहणार. वास्तविक आम्हांला नकाशा पाहावयाचा नव्हता.

इसवी सन १९९१ च्या हिवाळ्यांत आम्ही एका शाळेंत शिक्षक असतांना बारा मुलें घेऊन सायकलींवर नाणेघाटास गेलों होतों. ठिकाण आम्हींच निवडलें, आणि कोणासाठीं निवडलें हें आज प्रामाणिकपणें सांगावयाचें तर स्वतःसाठीं. संस्कृत शिकलेल्या माणसास त्या लेण्यांतील सातवाहनांच्या ब्राह्मी लेखाचें वेड असतें. राणी नागणिकेचा तो लेख, त्यांत केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची मोजदाद, अंकांसाठीं वापरलेलीं तीं प्राचीन चिन्हें. आणि इतकें सर्व वैदिक कर्म असूनही भाषा प्राकृत! हें मुलांपुढें उभें राहून सांगावें, ही आमची हौस. मुलांपैकीं किती जणांस तीस-पस्तीस किलोमीटर सायकल झेपेल, ही चौकशी आम्हीं केली नाहीं. "सायकल येते ना?" एवढेंच विचारलें. सर्वांनीं हात वर केले.

त्यांत एक तेरा वर्षांचा मुलगा बापाची उंच, काळी, बिनगिअरची सायकल घेऊन आला होता. सीटवर बसलें कीं पाय पुरत नसत. म्हणून तो नळीखालून पाय घालून हांकीत होता. आपटाळ्यापर्यंत तो आमच्या डोळ्यांपुढें होता. पुढें चावंडचा डोंगर मागें पडला, घाटघराकडचा चढ लागला, आणि धट्टींकट्टीं मुलें शर्यतीनें पुढें गेलीं. त्यांच्या मागें आम्ही. लेण्यांत पोंचून आमचें निरूपण चांगलें अर्धा-पाऊण तास रंगलें. जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण दाखविण्यासाठीं बाहेर आल्यावर एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तो कुठाय?"

आम्ही परत फिरलों. हिवाळ्याचा दिवस, सहाच्या सुमारास सूर्य मावळला. घाटघराच्या अलीकडे एका वळणावर महादेव कोळ्यांच्या एका वृद्ध बाईच्या ओट्यावर तो बसलेला आढळला. चेन तुटली होती, गुडघा फुटला होता. बाईनें त्यावर हळद दाबली होती आणि हातांत नाचणीची भाकरी दिली होती. "अरे, हांक कां नाहीं मारलीस?" आम्हीं विचारलें, तेंही, लाज वाटते, जरा रागानेंच. तो म्हणाला, "तुम्ही पुढं होता, गुरुजी."

दुखापत मोठी नव्हती; आठवड्यांत तो शाळेंत आला. पण पुढल्या कोणत्याही सहलीस त्यानें नांव दिलें नाहीं. आम्हींही आग्रह केला नाहीं. तें आम्हांला सोयीचें होतें.

असो. त्या एका दिवसाच्या मुदतींत आम्हीं आठही जणांना एकेकटें गांठून विचारलें: एका दिवसांत जास्तींत जास्त किती गेला आहांत, आणि चढावर किती? चारचौघांत या प्रश्नाचें उत्तर खरें येत नाहीं. थोरला पुतण्या ऐंशी किलोमीटर गेलेला. मात्र त्याची पत्नी पंचविसांच्या पुढें कधीं गेली नव्हती आणि तें तिनें नवऱ्यासही सांगितलें नव्हतें. चिरंजीवांची कंबर दुखते. नात तुळशीवृंदावनापाशीं बसून चेनला तेल घालीत होती. ती म्हणाली, "आजोबा, मला चढावर उतरून ढकलावी लागते. पण दादांना सांगूं नका हं."

निकाल येणेंप्रमाणें दिला. जावयाचें नाणेघाटास, परंतु दोन दिवसांत. पहिल्या दिवशीं सकाळीं उजाडतांच निघावें, माणिकडोहाच्या पाण्याच्या कडेनें चावंडच्या पायथ्याशीं यावें व तेथें सर्वांनीं थांबावें. पुढें वाट वांकडी करून पूरच्या कुकडेश्वराच्या देवळाशीं सावलींत जेवण. कुकडी नदीचा उगम तेथेंच मानतात. दुपार उतरल्यावर घाटघर, आणि मुक्काम गांवांतच एका घरीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पठारावर सायकली हव्या तेवढ्या पळवाव्यात. ज्यांना परतीचा रस्ता सायकलीनें नको, त्यांच्यासाठीं टेम्पो. सपाटीवर ताशीं पंधरा किलोमीटर जाणारा मनुष्य चढावर सहा-सातांवर येतो, हें धरून आम्हीं वेळा लिहून दिल्या. आणि टेम्पोंत पंपासह, बाभळीच्या कांट्यांसाठीं जादा ट्यूबांसह, सर्वांच्या मागें आम्ही स्वतः.

"अण्णांच्या गुडघ्यांमुळें एवढा सावकाश बेत," असें पुतण्यांनीं गृहीत धरलें. आम्हीं तें खोडून काढलें नाहीं. आमचे गुडघे उत्तम आहेत.

पहिल्या दिवशीं थोरला पुतण्या चावंडच्या पायथ्याशीं पाऊण तास अगोदर पोंचला आणि आरंभीं जरा घुश्शांतच होता. मग बायकोचा चेहरा पाहून त्यानें तिची पिशवी आपल्या सायकलीवर बांधली. दोघांत काय बोलणें झालें तें आम्हांला ठाऊक नाहीं, पण पुढें तीं दोघें बरोबरच चाललीं. नात दोन ठिकाणीं उतरली. पहिल्या ठिकाणीं तिनें मागें टेम्पोकडे पाहिलें. आम्हीं ड्रायव्हरास गाडी थांबवून झाडांकडे पाहत बसावयास सांगितलें. दुसऱ्या ठिकाणीं तिच्याबरोबर तिची आईही उतरली, मग कंबर धरून चिरंजीव उतरले, आणि चढावर चालत जाणाऱ्यांचीच तुकडी मोठी झाली. बंधूंचे मुलगे वर जाऊन, पुन्हा खालीं येऊन, तोच चढ दोनदां चढले.

रविवारीं सकाळीं लेण्यांत आम्हीं निरूपणास सुरुवात केली. सिमुक, सातकर्णि व नागणिका यांच्या भग्न मूर्तींवरील नांवांपर्यंत आलों असूं, तों बाहेर वाऱ्यावर आडव्या पडलेल्या सायकलींकडे मुलांचें लक्ष गेलेलें दिसलें, तेव्हां आवरतें घेतलें. नातीनें मात्र अंकांचीं चिन्हें वहींत उतरवून घेतलीं. तिचा एक आंकडा चुकला आहे. तो घरीं सांगूं म्हणून राहून गेलें.

परततांना घाटघराच्या अलीकडच्या त्या वळणावर आम्हीं टेम्पो थांबवावयास लावला. ओटा आतां नाहीं. त्या जागीं सिमेंटचें घर आहे, दारांत दुचाकी उभी होती. ड्रायव्हरानें विचारलें, "गुरुजी, काय राहिलं का?" आम्हीं पाणी प्यालों. पुढें वळणापलीकडे गेलेल्या सायकली उतारावर एकामागून एक दिसूं लागल्या. सहा मोजल्या. मग झाडाआडून सातवी निघाली, आणि तिच्या मागें, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, अगदीं सावकाश, आठवी.