माहितगाराचं नाव

आमच्या चांदूर बाजारच्या वावरातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. दिवाळी झाली की मेळघाटातून कोरकू मजूर खाली येतात. हरभरा, गहू सोंगतात, संत्र्याच्या बगीच्यात राबतात, अन् होळीला काहीही झालं तरी आपल्या गावी परततात. इकडच्या माणसाले त्यांचे हात माहीत आहेत. त्यांच्या डोक्यात काय आहे, हे कोणी इचारत नाही.

आमच्याकडे येणारे एक म्हातारे कोरकू दादा आहेत. मुरमाड उतारावर, जिथं सोयाबीन उभं राहत नाही, तिथं कुटकी पिकते अन् ती न कांडता ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, हे मले त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांमागं नात्यातली एक पोरगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी आली. तीन संध्याकाळ त्यांच्यापाशी बसून तिनं वही भरली. प्रकल्प छापून आला, तर त्यात दादांचं नाव नाही. नुसतं 'स्थानिक माहितगार'. पोरीनं नाव लिहिलं होतं. वरून सांगण्यात आलं, काढून टाक, पुस्तकाचा संदर्भ दे.

दादाले सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "नाव जाऊ दे, भाऊ. पण तिले एक डाव निंदाले पाठव. कुटकीचं रोप अन् गवत सारखंच दिसते. वळखता नाही आलं तर सारं पीक उपटून येईन."

मी दहावी शिकलेला माणूस. पण मले वाटते, हा धडा वर्गात होत नाही. तो घेणारा मास्तर वावरातच भेटते.

असं होऊ शकते, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात गोंड माणसं अन् बाहेरचे शिकलेले लोक अभ्यासगटात एका सतरंजीवर बसले. 2006 चा वनहक्क कायदा आला अन् 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांची बियाणं पाहायला शिकलेली माणसं कोंभाळण्याला जातात. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये पदवी नसलेल्या अनुभवी माणसालेही प्राध्यापक म्हणून बोलवायची वाट केली. पण अट आहे किमान 15 वर्षांच्या अनुभवाची, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा. डोंगरात साठ वर्षं काढणं कोणत्या पदात बसते?

जुनं ते सारंच सोनं, असं मी म्हणत नाही. तान्ह्या लेकराच्या पोटावर चटके देणारा डंबा मेळघाटात आजही जीव घेते. तो थांबलाच पाहिजे. पण कोणतं ठेवायचं अन् कोणतं टाकायचं, हे समोरासमोर बसूनच ठरते. कोरकू ही मराठीच्या नात्यातली भाषा नाही, ती मुंडारी-संथालीच्या कुळातली. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांवर होते. तेव्हा दुभाष्या लागन, मानधन लागन, येण्याजाण्याचा खर्च लागन. हे शिष्यवृत्तीइतकंच रीतसर झालं पाहिजे.

1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाले पुढं गाडगेबाबांचं नाव दिलं. शाळा न शिकलेल्या माणसाचं नाव दारावर शोभते, तर वर्गातल्या खुर्चीवर असा माणूस का शोभू नये? सुरुवात सोपी आहे. श्रावणात पोरांना उतारावर न्या, दादांच्या मागं निंदू द्या. अन् परीक्षेच्या कागदावर शिकवणाऱ्याच्या जागी त्यांचं पूर्ण नाव लिहा.