नुसते ओठ हलव!

आपल्याकडे मुलाला गाणे शिकवायचे म्हणजे प्रथम त्याला गप्प बसवायचे असते. सूर लागेपर्यंत तोंड उघडायचे नाही आणि तोंड उघडल्यावाचून सूर लागायचा नाही! या पेचात किती गळे कायमचे मिटले असतील, कोण जाणे.

कॅनडात व्हँकूव्हरजवळ लँगली म्हणून भाग आहे. तेथील शाळांत हान्स फेंगर नावाच्या मास्तरांनी हा पेच मानलाच नाही. गृहस्थ मूळचे गिटार वाजवणारे. शाळेत गाणे कसे शिकवतात, हे त्यांना फारसे ठाऊक नव्हते. हेच मुलांचे भाग्य! बडबडगीतांना रजा देऊन त्यांनी बीच बॉइज, डेव्हिड बोवी अशा रॉकवाल्यांची गाणी मुलांपुढे ठेवली. १९७६ आणि १९७७ साली शाळेच्या व्यायामशाळेतच ती ध्वनिमुद्रित झाली.

साथीला कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या पद्धतीची वाद्ये होती. या वाद्यांच्या पट्ट्या काढता येतात. नको त्या स्वराची पट्टी उचलून ठेवली, की मुलाने कुठेही टोला मारावा, तो बरोबरच पडतो. चुकीला छडी मारण्यापेक्षा चुकीची जागाच काढून टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पुढे या तबकड्या विस्मृतीत गेल्या. २००१ साली 'इनोसन्स अँड डिस्पेअर' या नावाने त्या पुन्हा निघाल्या आणि खुद्द बोवीने त्यांची वाखाणणी केली.

मीही त्या ऐकल्या. सूर जागोजागी ढळतात, ताल डगमगतो. पण नऊ वर्षांची एक मुलगी एकटी 'डेस्परॅडो' गाऊ लागते आणि आपण हातातले काम खाली ठेवतो. मुलांना गोडगोड गाणी नकोशी होती, एकाकीपणाची आणि दुःखाची गाणी त्यांना जिवाभावाची वाटत, असे फेंगरांनीच लिहून ठेवले आहे. पोरांनाही दुःख असते, हे आपण मोठे झालो की विसरतो.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीताच्या मागच्या रांगेत मला उभे करून गुरुजी कानाशी म्हणाले होते, "तू नुसते ओठ हलव." गीत निर्दोष झाले. टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांतली एकही माझी नव्हती.

शास्त्रोक्त शिक्षणाशी माझे भांडण नाही. गवई व्हायचे, तर रियाजाला पर्याय नाही. पण साठ मुलांच्या वर्गातून गवई निघाला, तर एखादा निघणार. उरलेल्या एकोणसाठांचे गाणे चार टाळ्यांच्या लोभापायी काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?