शंभर पानी वही

अम्मा विडी वळते. पानं रात्रीच भिजवून फडक्यात गुंडाळायची, पहाटे पत्र्याच्या फर्म्याने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन दिवस मावळेपर्यंत हजार विड्या. माल घेताना मोजणारा काही कट्टे बाजूला टाकतो, ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे तेव्हा त्या बाजूला पडलेल्या विड्यांकडे बघत राहायचे. वळल्या अम्माने, मग पैसे का नाहीत, हे काही मला कळायचं नाही.

आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची ही वसाहत. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग सोलापूरला आले आणि घरांच्या चाव्या बायकांच्या हातात पडल्या. त्याआधी युनियनचे नेते आडम मास्तर यांच्याबरोबर या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या. अम्मा मला कडेवर घेऊन जायची. म्हणजे मी वाढले ती युनियनने मिळवलेल्या घरात. तरी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा युनियन माझ्या डोक्यातही नव्हती. ते अम्माचं, तिच्या वयाच्या बायकांचं काम, असंच आम्हा सगळ्या पोरींना वाटायचं. विडी वळायची नाही एवढं मात्र आम्ही ठरवलं होतं.

मी लागले शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात. काम कॉलर लावायचं, मजुरी नगावर. सीझनला, शाळा सुरू होण्याआधीचे तीन महिने, मान वर करायला फुरसत नसते. शनिवारी हिशेब व्हायचा आणि दर शनिवारी कुणाचे तरी पीस ‘अल्टर’मध्ये, म्हणजे दुरुस्तीला, गेलेले असायचे आणि त्यांचे पैसे कापलेले. कुठले, किती, कुणी बघितले, काही पत्ता नाही. एका शनिवारी पैसे हातात घेतले आणि एकदम ती छाट आठवली. मशीन बदललं होतं, बाकी तेच.

अम्मा मला युनियनच्या एका ताईंकडे घेऊन गेली. मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, “काल किती कॉलर लावल्यास?” मला सांगता येईना. त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढून दिली. “महिनाभर लिही. आणखी चार जणींना लिहायला लाव. मग ये.”

मी जेवणाच्या सुट्टीत लिहायचे, पाळी सुटताना लिहायचे. तारीख, नग, दर. पाचातल्या दोघींना मराठी लिहिता येत होतं पण तेलुगूच बोलायच्या, म्हणून आकडे मराठीत आणि भांडण तेलुगूत. पाच वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या तेव्हा प्रत्येकीला दर आठवड्याला लिहिलेल्या नगांपेक्षा कमी पैसे मिळाल्याचं दिसलं. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपलाच हात कच्चा आहे.

मग अकरा जणी झालो. बैठक संध्याकाळी ठेवली की कुणीच यायचं नाही, अंधार पडायच्या आत पोरगी घरी हवी. म्हणून रविवारी सकाळी, आमच्याच घरात. कुणाच्या वडिलांना समजवायला अम्मा स्वतः गेली. तेव्हा लागू असलेल्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने पंधरा वर्षांवरच्या कामगाराला सभासद होता यायचं, अठरा पूर्ण झाली की पदाधिकारीही होता यायचं, हे मला त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं. कामाला जाताना माझी बस रोज चार पुतळ्यावरून, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जायची. त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे, वर्तमानपत्र चालवायचे, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले तेव्हा ते विशीतच होते, हेही तिथेच कळलं. मी त्यांना मोठ्या वयाचा माणूस समजत आले होते.

मालकाकडे जायच्या दिवशी ताई म्हणाल्या, “मी शेजारी बसते. बोलायचं तू.” माझा घसा कोरडा पडला होता. वही उघडली आणि वाचत गेले. तारीख, नग, दर, मिळालेले पैसे. वाचता वाचता आवाज सुटला.

रोज संध्याकाळी नगांची चिठ्ठी मिळू लागली. पीस अल्टरला गेला तर तो दाखवल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत, हेही मान्य झालं. दर वाढला नाही. आणि एकीला कामावरून कमी केलं. तिच्या घरच्यांनी भांडायला नको म्हटलं, आम्ही तिला परत आणू शकलो नाही. ती आमची हार आहे आणि ती मी लपवणार नाही.

त्या दिवशी ताई स्वतः बोलल्या असत्या तर काम कदाचित लवकर झालं असतं. पण दुसऱ्या वर्षी वही कुणी उघडली नसती. युनियनमधल्या जुन्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोरं येत नाहीत म्हणू नका, मालकासमोर त्यांना बोलू द्या. आणि सोलापुरात मागावर, शिलाईवर, नगावर राबणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना विनंती, आज घरी जाताना एक वही घ्या आणि आजचेच नग लिहा.