यंत्रे थांबल्यावर

'नाइन इंच नेल्स' म्हणजे २०१६ पर्यंत एकटा ट्रेंट रेझनर. त्याचा 'द फ्रॅजाइल' हा दुहेरी अल्बम १९९९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात सोळाव्यावर घसरला. 'द डाउनवर्ड स्पायरल'चा (१९९४) संताप पुन्हा मागणाऱ्या अनेक चाहत्यांना त्यातील हळवेपण रुचले नाही. अमरावतीच्या वसतिगृहात आम्हीही तो अर्ध्यावरच थांबवला होता.

पुढे अकोल्यात, वडील ज्या जिनिंगमध्ये कामाला होते, ती बंद पडली. लहानपणापासून कानांत भिनलेली धडधड थांबली, आणि त्या रात्री आम्ही तो अल्बम अखेरपर्यंत ऐकला. चाहत्यांचे मत कालांतराने पालटले. आमचे त्या शांततेने पालटवले. कलावंताकडे त्याचीच जुनी कृती मागणे ही रसिकता नव्हे, हे आम्हांस इतक्या उशिरा उमगले.