छापलेल्या रकान्यांबाहेरचे बाळू

अमेरिकेत 1876 साली नॅशनल लीग सुरू झाली. त्या पहिल्या हंगामात सर्वाधिक ‘सेव्ह’, म्हणजे 5, बोस्टनच्या जॅक मॅनिंगच्या नावावर आहेत. दुसऱ्याने सुरू केलेल्या सामन्यात मागाहून चेंडू हाती घ्यायचा आणि मिळालेली आघाडी शेवटपर्यंत राखायची, हा सेव्ह. गंमत अशी की हा रकाना अधिकृत झाला 1969 साली. मॅनिंगला आपल्या पराक्रमाचे नावही ठाऊक नव्हते. जुनी धावपत्रके उकलून पुढच्यांनी तो त्याच्या पदरात घातला.

तेव्हा दुखापतीवाचून बदली खेळाडू उतरवता येत नसे. पिचर दमला की मैदानातलाच क्षेत्ररक्षक त्याची जागा घेई. मॅनिंगपूर्वी बोस्टनसाठी हे काम हॅरी राइट करीत असे, आणि तो मूळचा क्रिकेटपटू. म्हणूनच हा प्रश्न आपल्या क्रिकेटलाही विचारावासा वाटतो: इथे कोणता रकाना राहून गेला?

बीडला टेनिस बॉलच्या सामन्यांची वही मी काही वर्षे लिहिली. धावा, बळी, अवांतर; छापलेले रकाने एवढेच. सकाळी पाणी मारून खेळपट्टी तयार करणारा मुलगा अकरांत नसला, तर वहीत त्याचे नावच नसे.

पालवणकर बाळूंचे आयुष्य अशाच कामाने सुरू झाले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी लाटत, जाळी बांधत आणि जे. जी. ग्रेग यांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. बॅट साहेबाची, चेंडू टाकणे ही चाकरी. पुढे हिंदू संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवीशी झाली. चेंडू सर्वांचा एक, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. 23 सामने, 6 विजय, 15 पराभव. दौरा फसला, असेच कोणी म्हणेल. पण बळींच्या रकान्यात बाळूंपुढे 114 हा आकडा आहे, आणि सरासरी 19 च्याही आत. जातीला आडवा येईल असा हा एकच पुरावा त्यांच्यापाशी होता, आणि तो त्यांनी स्वतः कमावलेला होता.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 साली बऱ्याच वादानंतर ते उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ सूत्रे त्यांच्या हाती आली. बदली पिचरचेच काम हे! याला सेव्हसारखा रकाना अजून कुणी आखलेला नाही. कर्णधारांच्या यादीत नाव आहे ते धाकट्या विठ्ठलचे, 1923 पासून.