पंचवीस मिनिटांचं अंतर

भाचा हिवाळ्यात आर्क्टिकला संशोधनासाठी निघाला, तेव्हा आपानं विचारलं, "शेवटचं विमान किती वेळाचं?" लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुंड, म्हणजे जेमतेम ११० किलोमीटर. "२५ मिनिटं," मी म्हणालो. ती निर्धास्त झाली. मुंबईत रस्त्यावरच्या गर्दीत अडकलं, तर तेवढ्यात कुर्ल्याहून दादरही गाठता येत नाही!

पण स्वालबार्डच्या या दोन गावांमध्ये रस्ताच नाही. मधे हिमनद्या, फियोर्ड, आणि भर हिवाळ्यात चोवीस तास काळोख. भरवसा मुख्यतः एका छोट्या डॉर्नियर विमानाचा. वारा सुटला, की थांबायचं. गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' तिथं २००८पासून आहे, त्यामुळे आपली माणसं ही वाट जाणतात.

हनफी फिकहमध्ये मुसाफिर ठरायला तीन दिवसांची चाल धरली आहे. आज तिचे किलोमीटर करून आपण वाद घालतो. मला मात्र जुनं मापच जास्त खरं वाटतं, कारण त्यात वाटेची दगदग मोजलेली आहे.

भाच्याचं विमान दोन दिवस उडालंच नाही. आपा फोन हातातून सोडेना. शेवटी पोहोचल्याचा ईमेल आला. शास्त्रीय उपकरणांना अडथळा नको म्हणून नी-ओलेसुंडमध्ये वाय-फाय बंद ठेवतात. केबल जोडून त्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या. आपानं त्या मला दोनदा वाचायला लावल्या.