आरिया

भिलईच्या सिविक सेंटरमधील संध्याकाळ ही बव्हंशी निवृत्तांची असते. दुकानांचे दिवे लागू लागले, की पोलाद कारखान्यातून वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेली माणसे आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात. त्यांत चार-पाच मराठी घरांतलीही असतात. त्यांचे बोलणे मराठीत सुरू होते, न कळत हिंदीत शिरते आणि एखादा छत्तीसगढी शब्द बरोबर घेऊन परत येते. २०२३ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस या मंडळींत एक मोबाइल हातोहात फिरला. त्यावरच्या छायाचित्रात, देवदारासारख्या काळ्याहिरव्या झाडांच्या शेंड्यांवर, एका दोराला टांगलेल्या झोळीवजा आसनात, बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ पाय मोकळे सोडून बसले होते. आधी हशा उसळला. मग कोणीतरी म्हणाले, "हे आपले साहेब? हे तर डोंगरगडच्या रोपवेतसुद्धा बसत नव्हते!"

ते खरेच होते. बमलेश्वरीच्या दर्शनाला हजाराहून अधिक पायऱ्या चढणारे आणि गुडघे दुखणाऱ्या पत्नीलाही, "बसत बसत चढू, पण पायऱ्यांनीच जाऊ," असे सांगणारे ते गृहस्थ होते. त्यांना भित्रा म्हणण्याची मात्र कोणाची छाती झाली नसती. कारण त्यांची सारी हयात दोरांतच गेली होती.

मूळचे ते वर्धा जिल्ह्यातले. १९७३ साली यांत्रिकीची पदविका घेऊन भिलईत आले. फेब्रुवारी १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून विदर्भातील माणसे या बाजूला येतच होती. १९५६पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे त्या पिढीला भिलईला जाणे हे परप्रांतात जाणे वाटलेच नाही. या गृहस्थांच्या वाट्याला आल्या त्या क्रेन, आणि क्रेनमध्येही विशेषतः त्यांचे तारेचे दोर.

तारेचा दोर ही साधी वस्तू नव्हे. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ साली तो वापरात आणला, तोवर तेथे साखळी आणि अंबाडीचा दोर यांवरच भिस्त होती. साखळीची एक कडी तुटली की भार खाली येतो. दोरातली एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा वाटून घेतात, आणि तुटलेले टोक बाहेर डोकावून बघणाऱ्याला वेळेवर सूचना देते. बघणारा मात्र हवा. एका पिळाच्या लांबीत किती तारा तुटल्या आहेत ते मोजणे, व्यास कोठे बारीक झाला आहे ते मापणे, वंगण सुकून आत गंज धरला आहे का हे पीळ किंचित उकलून पाहणे, हे त्या गृहस्थांचे काम. १९४८च्या कारखाना कायद्याप्रमाणे उचलण्याच्या प्रत्येक यंत्राची, साखळीची आणि दोराची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागे. ही 'सक्षम व्यक्ती' म्हणजे कायद्यातला एक रूक्ष शब्दप्रयोग. पण नोंदवहीत त्या शब्दांखाली सही करताना त्यांचा हात दरवेळी क्षणभर थांबे, असे त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक सांगतात.

त्या कामात त्यांचे सोबती खलासी. मराठीत खलाशी म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. भिलईत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, खलासी म्हणजे ओझ्याला दोर बांधून ते क्रेनने हलवणारा कामगार. गलबतावरचा माणूस आपली भाषा घेऊन गोदीत उतरला आणि गोदीतून कारखान्यात शिरला. ओझे खाली सोडायचे तर खलासी आजही 'आरिया' म्हणून हाक देतो. तो शब्द पोर्तुगीज खलाशांचा. दोर सैल सोडणे हा त्याचा मूळ अर्थ. शब्दांच्या प्रवासाची एवढी वाखाणणी करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी कारखान्याच्या फाटकातून आत क्वचितच डोकावले आहे.

या जगातला पहिला नियम असा, की टांगलेल्या ओझ्याखाली कोणी उभे राहायचे नाही. आणि त्याहून कडक दुसरा, की ओझ्याबरोबर, हुकाला धरून, माणसाने कधीही वर जायचे नाही. दोर ओझ्यासाठी असतो, माणसासाठी नव्हे. हा नियम गृहस्थांनी घरीही आणला. दसऱ्याच्या सुमारास जत्रेत आकाशपाळणा लागे. मुलगी सात वर्षांची असताना ती तिकीट काढून रांगेत उभी राहिली. वडिलांनी पाळण्याला एक फेरी मारली, खिळींच्या जागी बसवलेले तारेचे तुकडे पाहिले आणि तिचा हात धरून तिला घरी आणले. पुढेही दरवर्षी तेच. मुलगी मोठी झाली, शिकली, अमेरिकेत सिअ‍ॅटलला स्थायिक झाली. ती आकाशपाळण्यात कधीच बसली नाही.

तिनेच २०२३च्या उन्हाळ्यात आईवडिलांना अलास्काच्या सात दिवसांच्या सागरसफरीला नेले. त्या तरंगत्या नगरात गृहस्थांचे मन फारसे रमले नाही. नाटकगृह, तलाव, चोवीस तास मांडलेले जेवण यांपेक्षा जीवरक्षक नौका ज्या दोरांवर टांगलेल्या असतात ते दोर त्यांना अधिक पाहण्यासारखे वाटले, आणि सकाळचे फिरणे ते त्यांच्याखालून, म्हणजे खरे तर त्यांना वळसा घालून, करीत.

चौथ्या दिवशी जहाज हूनाह या गावाजवळ लागले. हे त्लिंगिट लोकांचे गाव. अठराव्या शतकात पुढे सरकणाऱ्या हिमनदीने त्यांना ग्लेशियर बेमधून हुसकावले आणि ते इकडे आले. गावाजवळ १९१२ सालचा, मासे डबाबंद करण्याचा एक कारखाना आहे. तो बंद पडला, आणि त्लिंगिटांच्याच मालकीच्या संस्थेने त्या जागी प्रवाशांसाठी बंदर उभारले. जुनी यंत्रे मांडून ठेवलेल्या त्या दालनातून गृहस्थांना बाहेर काढायला नातीला दोनदा यावे लागले. बंद पडलेला कारखाना सहलीचे ठिकाण होऊ शकतो ही गोष्ट भिलईच्या माणसाला सुखावणारी नसते.

तेथील मुख्य आकर्षण म्हणजे डोंगरावरून किनाऱ्याकडे उतरणारे सहा समांतर दोर. लांबी ५,३३० फूट, उतार १,३०० फूट, वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर, आणि सारा प्रवास दीडेक मिनिटाचा. यालाच झिपलाइन म्हणतात. कोस्टारिकाच्या जंगलात वृक्षांच्या माथ्यावरचे जीवन अभ्यासायला संशोधकांनी १९७०च्या दशकात दोर बांधले, आणि १९९०च्या दशकात त्याच युक्तीचा पर्यटनासाठी व्यवसाय झाला. मराठी प्रवासवर्णनाला बोट चालते, विमान चालते. दोराला लोंबकळणारा प्रवासी त्याच्या शालीन वळणात अजून बसायचा आहे.

वर जाण्यापूर्वी एक कागद सहीसाठी पुढे आला. काही झाले तर त्याची जबाबदारी आपली, आयोजकांची नव्हे, असा त्याचा मथितार्थ. गृहस्थांनी तो दोनदा वाचला. अडतीस वर्षे त्यांनी 'हा दोर मी पाहिला आहे' या अर्थाच्या सह्या केल्या होत्या. येथे, दोर न पाहताच, कोणालाही जाब विचारणार नाही अशी सही मागितली जात होती. "हे उलटं आहे," एवढेच ते म्हणाले. पत्नीने आपल्या कागदावर सही करून पेन त्यांच्या हातात ठेवले होते. "अहो, डोंगरगडला मी तुमचं ऐकलं. आज तुम्ही माझं ऐका."

डोंगराच्या माथ्यावर मात्र भलतेच झाले. सहल ठरवणारी, पैसे भरणारी मुलगीच फाटकाशी थबकली. तिने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीचा दंड घट्ट धरला. "बाबा, नको. हिला नको बसवायला. वरच्या त्या जोडाचं काही खरं दिसत नाही." जोड ठीक होता; गृहस्थांनी तो केव्हाच पाहून घेतला होता. पण वाक्य त्यांचे होते, स्वरही त्यांचाच. जत्रेतल्या धुळीत उभे राहून त्यांनी ते कितीदा उच्चारले होते.

तेव्हा त्यांनी मुलीला जे सांगितले ते पत्नीलाही ठाऊक नव्हते. भिलईत येण्यापूर्वी, एका बांधकामावर उमेदवारी करीत असताना, जेवणाच्या सुट्टीत ते क्रेनच्या हुकावर पाय ठेवून दोनतीन माणूस उंच वर गेले होते. कोणाशी पैज नव्हती, नुसती हौस. उतरल्यावर म्हाताऱ्या खलाशाने सर्वांदेखत एक मुस्काटीत ठेवून दिली. "त्याचं बरोबरच होतं," ते म्हणाले. "पण वर असताना फार छान वाटलं होतं गं. ते मी कोणाला सांगितलं नाही."

मुलगी काही बोलली नाही. फाटकावर काम करणारी तरुणी एकेका आसनाचे पट्टे बांधत होती, आणि बांधलेला प्रत्येक पट्टा पुन्हा हाताने खेचून बघत होती. नजरेवर विसंबत नव्हती. गृहस्थ तिच्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिले. दोर केव्हा तपासता, असे त्यांनी नातीकरवी विचारले. रोज सकाळी, पहिला माणूस बसण्यापूर्वी, असे उत्तर आले. मग त्यांनी नातीचे पट्टे स्वतःच्या हाताने एकदा ओढून पाहिले आणि शेजारच्या आसनात जाऊन बसले. पलीकडे पत्नी. मुलगी सगळ्यांच्या पिशव्या गोळा करून केबलच्या पाळण्याने खाली निघून गेली.

फाटक उघडण्यापूर्वी तरुणीने इंग्रजीत उलटे आकडे मोजले. ते संपता संपता गृहस्थांच्या तोंडून मोठ्याने 'आरिया' अशी हाक गेली. नातीला वाटले आजोबा देवाचे नाव घेताहेत.

त्या दीड मिनिटाबद्दल सिविक सेंटरच्या मंडळींनी पुष्कळ विचारले. वारा फार होता, कानांत चाकांचा आवाज होता आणि समोर जहाज लहानाचे मोठे होत गेले, याखेरीज ते काही सांगू शकले नाहीत. खालच्या थांब्यावर मुलगी उभी होती. तिने पुढे होऊन प्रथम नातीला नव्हे, वडिलांना खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिले. हे त्यांनी सांगितले नाही; पत्नीने नंतर सांगितले.

"मग पुन्हा बसाल का?" कोणीतरी विचारले. गृहस्थांनी मोबाइल मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून दोन बोटांनी ते चित्र मोठे करू लागले. त्यांचा चेहरा पडद्याबाहेर गेला, आसन गेले, झाडेही गेली. उरला तो डोक्यावरचा दोर आणि त्यावरून धावणारी चाके. ती ते डोळ्यांजवळ धरून पाहत राहिले, आणि शेजारच्यांपैकी एक जुना खलासी मान वाकवून त्यांच्याबरोबर पाहू लागला.